लाइन वाढवण्याआधी ट्रॅफिक कुठे जातं ते बघा

संस्थेतले संगणक मंद चालायला लागले की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो: इंटरनेटची लाइन वाढवा. ५० एमबीपीएसची १०० करा, १०० ची २०० करा. तेवढ्यानं भागलं नाही तर पुढच्या बैठकीत दुसरा ठराव येतो, मोठा राउटर घेऊ. दोन्ही उपाय कधी ना कधी योग्य ठरतात. पण ते ठरवण्याआधी जो प्रश्न विचारायला हवा, तो विचारलाच जात नाही. आपलं ट्रॅफिक नेमकं कुठून निघतं आणि कुठे जातं?

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात रुग्णालयं, महाविद्यालयं, पतसंस्था आणि कारखाने यांची नेटवर्कं उभारण्याचं काम मी करते. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. राउटर आणि लेयर थ्री स्विच यांतला फरक तंत्रज्ञांपुरता ठेवून चालणार नाही. ज्यांच्या सहीनं पैसे खर्च होतात, त्या विश्वस्तांना, प्राचार्यांना आणि व्यवस्थापकांनाही तो समजला पाहिजे. तो समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. आणि तो न समजल्याची किंमत शेवटी रुग्ण, विद्यार्थी आणि ठेवीदार मोजतात.

एका धर्मादाय रुग्णालयाचं उदाहरण घेते. तीन मजली इमारत. तळमजल्यावर ओपीडी, बिलिंग आणि सीटी स्कॅन, मधे वॉर्ड, वरच्या मजल्यावर सर्व्हर रूम. ज्यानं पहिलं काम केलं होतं त्यानं विभागवार व्हीलॅन पाडले होते. म्हणजे वायर तीच, स्विच तेच, पण बिलिंगचे संगणक एका गटात, सीटीचं यंत्र दुसऱ्या गटात, कॅमेरे मजल्यागणिक तिसऱ्या-चौथ्या गटात आणि सर्व्हर वेगळ्या गटात. हे चांगलंच केलं होतं. एका गटातला गोंधळ दुसऱ्या गटात पसरत नाही, आणि कुणी कुणाशी बोलायचं यावर ताबा ठेवता येतो. मात्र एका गटातून दुसऱ्यात जायचं तर मधे वाट ठरवणारं यंत्र लागतं. ते काम इंटरनेटच्या तोंडाशी बसवलेल्या एका छोट्या राउटरवर सोपवलेलं होतं.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग टप्प्याटप्प्यानं कॅमेरे वाढत ८० झाले. डॉक्टरांच्या खोलीत सीटीच्या प्रतिमा उघडायला वेळ लागू लागला. तिथला तंत्रज्ञ मला म्हणाला, "मॅडम, इमेज उघडेपर्यंत पेशंटचे नातेवाईक दोनदा विचारून जातात." संस्थेनं लाइन वाढवली. फरक पडला नाही. पुन्हा वाढवली. तरीही नाही. सगळ्यांचं निदान एकच होतं, 'नेट स्लो आहे.'

मी राउटरचे काउंटर उघडून बघितले. बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटकडच्या पोर्टवर २०० एमबीपीएसपैकी ३० सुद्धा वापरात नव्हते. राउटरचा प्रोसेसर मात्र ९५ टक्क्यांच्या वर होता आणि आतल्या पोर्टवर पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, गळत होती. हिशेब अगदी साधा होता. एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस. ८० कॅमेऱ्यांचे झाले ३२०. कॅमेरे आपापल्या गटांत आणि त्यांचं चित्रण साठवणारं यंत्र सर्व्हरच्या गटात, त्यामुळे हा सगळा प्रवाह दिवसरात्र राउटरमधून जात होता. सुरक्षेचे नियम चालू असताना त्या राउटरची एकूण क्षमता होती ४०० च्या आसपास. सीटी, बिलिंग, लॅब, फार्मसी या सगळ्यांसाठी उरले ८०. एका सीटी तपासणीची फाइल ५०० एमबीची धरली तर ती ४,००० मेगाबिट होते. उरलेले सगळे ८० तिच्या एकटीच्या वाट्याला आले तरी ५० सेकंद. दोन-तीन खोल्यांत एकाच वेळी उघडली की मिनिटं. तीच फाइल मोकळ्या गिगाबिट पोर्टवरून चार-पाच सेकंदांत जाते.

यातला एकही बिट इमारतीबाहेर जात नव्हता. तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर आणि तिथून डॉक्टरांच्या खोलीत, एवढाच त्याचा प्रवास. त्याच्यासाठी बाहेरची लाइन २०० ची काय, २,००० ची केली असती तरी काही उपयोग नव्हता.

आणि खरी खेदाची बाब पुढेच आहे. सर्व्हर रूमच्या रॅकमधला मुख्य स्विच लेयर थ्रीचाच होता. टेंडरमध्ये तसं लिहिलेलं होतं, पैसेही त्याचेच मोजलेले होते. पण त्यातली रूटिंगची, म्हणजे गटागटांमधली वाट ठरवण्याची, सोय कुणी चालूच केली नव्हती. अनेक कंपन्यांच्या स्विचमध्ये ती एक कमांड देऊन चालू करावी लागते. आम्ही ती चालू केली, प्रत्येक गटाचा गेटवे, म्हणजे गटाबाहेर पडायचं दार, राउटरवरून काढून त्या स्विचवर आणला, राउटरकडे फक्त बाहेरचं काम ठेवलं. नवीन एकही यंत्र घेतलं नाही. सीटीच्या प्रतिमा झटपट उघडू लागल्या आणि वाढवलेल्या लाइनचं मासिक बिल कमी करता आलं.

हे कसं झालं ते समजायला एका पॅकेटचा प्रवास पुरेसा आहे. संगणकातून निघणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर दोन प्रकारचे पत्ते असतात. एक मॅक ॲड्रेस, ४८ बिटांचा, नेटवर्क कार्डाला कारखान्यातच दिलेला. दुसरा आयपी ॲड्रेस, नेटवर्कातली जागा सांगणारा. साधा स्विच, म्हणजे लेयर टूचा, फक्त मॅक ॲड्रेस बघतो आणि त्याच गटातल्या यंत्राकडे पॅकेट पोचवतो. पॅकेट दुसऱ्या गटात जायचं असेल तर आयपी ॲड्रेस बघावा लागतो. ते करणारं यंत्र बाहेरचं वेष्टन काढतं, गंतव्याचा आयपी ॲड्रेस आपल्या तक्त्यात शोधतं, सर्वांत नेमकी जुळणारी नोंद निवडतं, पॅकेटच्या आयुष्याचा आकडा एकानं कमी करतं, बेरीज-पडताळणी नव्यानं लिहितं आणि पुढच्या टप्प्याचा मॅक ॲड्रेस घालून रवाना करतं. राउटर हेच करतो. लेयर थ्री स्विचही हेच करतो. पाठ्यपुस्तकाच्या नजरेतून बघितलं तर दोघांत फरकच दिसणार नाही.

फरक आहे तो हे काम कोण, किती वेगानं आणि कुठल्या परिस्थितीत करतं यात. गावातला चौक आणि गावाची वेस या दोन्ही ठिकाणी माणसं एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्याला लागतात. पण चौकाचं काम गर्दी न तुंबवता पुढे सोडण्याचं आणि वेशीचं काम आत-बाहेर करणाऱ्याची नोंद, तपासणी आणि जकात सांभाळण्याचं. लेयर थ्री स्विच चौकासाठी घडवलेला असतो, राउटर वेशीसाठी.

लेयर थ्री स्विचमध्ये वाट ठरवण्याचं काम खास त्यासाठीच बनवलेली चिप करते. तिच्या जोडीला टीकॅम नावाची मेमरी असते. साधी मेमरी पत्ता दिला की तिथली नोंद देते. टीकॅमला नोंद दिली की ती आपल्या सगळ्या ओळींशी एकाच झटक्यात ताडून बघते. तिच्या प्रत्येक खणात शून्य किंवा एक याशिवाय 'काहीही चालेल' अशी तिसरी स्थितीही साठवता येते, त्यामुळे पत्त्याचा फक्त पुढचा भाग जुळवण्याचं काम ती विजेच्या वेगानं करते. वेग किती लागतो? गिगाबिटच्या एका पोर्टवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटची पॅकेटं पूर्ण वेगानं आली तर सेकंदाला १४,८८,०९५ येतात. अशी २४ पोर्ट एकदम भरली तर साडेतीन कोटींहून जास्त. प्रत्येकासाठी तक्ता बघायचा, वेष्टन बदलायचं आणि पुढे पाठवायचं. छोट्या राउटरमधला प्रोसेसर हे काम सॉफ्टवेअरनं करतो आणि इतका भार त्याला पेलत नाही.

पण या वेगासाठी काही सोडावं लागतं. टीकॅम महाग असते, वीज जास्त खाते आणि तिचा आकार कारखान्यातच ठरून येतो. साध्या कॅम्पस स्विचमध्ये काही हजार ते काही दहा हजार मार्ग मावतात. संस्थेच्या आतल्या कामाला ते भरपूर झाले. संपूर्ण इंटरनेटचा तक्ता मात्र ९ लाख नोंदींच्या पुढे गेला आहे. स्विचमध्ये पॅकेट थांबवून ठेवायला जागाही थोडी असते. आत सगळीकडे वेग सारखाच असतो, म्हणून ती पुरते. वेशीवर चित्र वेगळं असतं. आतून गिगाबिटनं येणारं पाणी १०० एमबीपीएसच्या नळातून बाहेर काढायचं असतं. तिथे पॅकेट रांगेत थांबवावी लागतात, फोनच्या आवाजाला आधी आणि फाइलच्या डाउनलोडला नंतर सोडावं लागतं. हे राउटरचं काम. संस्थेतल्या शेकडो खासगी आयपी ॲड्रेसना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सार्वजनिक पत्त्यांमागे बसवणं, ज्याला नॅट म्हणतात, तेही त्याचंच. शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यात कूटबद्ध बोगदा काढणं, दोन कंपन्यांच्या लाइन घेऊन एक पडली की दुसरीवर वळणं, सेवा पुरवठादाराशी बीजीपी या ठरलेल्या पद्धतीनं मार्गांची देवाणघेवाण करणं, हेही त्याचंच. आजचे मोठे राउटरसुद्धा खास चिपच वापरतात, त्यामुळे 'एक हार्डवेअरनं आणि दुसरा सॉफ्टवेअरनं' ही जुनी विभागणी पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. जागेची आणि जबाबदारीची विभागणी मात्र कायम आहे.

या यंत्रांचा इतिहास बघितला तर ही विभागणी कशातून आली ते नीट दिसतं. १९६९ साली अर्पानेट सुरू झालं तेव्हा प्रत्येक ठिकाणच्या मोठ्या संगणकापुढे आयएमपी नावाचं यंत्र बसवलं होतं. आजच्या राउटरचा तो पूर्वज. त्याचं काम दूरच्या ठिकाणांना जोडण्याचं. १९८४ मध्ये सिस्को ही कंपनी निघाली, तीही निरनिराळी नेटवर्कं एकमेकांना जोडण्याच्या याच गरजेतून. स्विचचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १९९० साली 'कल्पना' नावाच्या अमेरिकी कंपनीनं पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज भारतीय वंशाचे. १९९४ मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली. त्या काळात नेटवर्कवाल्यांचा एक ठोकताळा असे: ८० टक्के ट्रॅफिक विभागातल्या विभागात, २० टक्के बाहेर. त्यामुळे विभागांमध्ये एखादा राउटर पुरे.

पुढे सर्व्हर एका खोलीत एकत्र आले, वेब आलं, मेल आलं, आणि हे प्रमाण उलटं झालं. बहुतेक ट्रॅफिक विभाग ओलांडू लागलं आणि मधला राउटर तुंबू लागला. या कोंडीवर उपाय म्हणून नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात लेयर थ्री स्विच आले. १९९८ मध्ये व्हीलॅनचं ८०२.१क्यू हे मानक आलं आणि गट पाडणं सोपं झालं. त्या रुग्णालयात जे घडलं ती हीच जुनी कोंडी होती. उपाय पंचवीस वर्षांपासून उपलब्ध होता, त्यांच्याच रॅकमध्ये होता.

आता उलटी बाजू. एका महाविद्यालयात जुना राउटर बिघडल्यावर कुणीतरी सुचवलं, लेयर थ्री स्विच आहेच, तोही रूटिंग करतो, मग राउटर कशाला? लीज लाइन थेट स्विचला लावली. पुरवठादाराकडून मिळालेले सार्वजनिक पत्ते मोजून पाच, आणि आत शेकडो संगणक व मोबाइल. नॅटशिवाय कुणीच बाहेर जाऊ शकेना आणि स्विचला नॅट येत नव्हतं. मग मधे घरगुती वापराचा एक डबा लावला गेला. असा डबा प्रत्येक चालू जोडणीची नोंद आपल्या तक्त्यात ठेवतो आणि तो तक्ता एका कुटुंबाच्या मापाचा असतो. सकाळी सगळं ठीक चालायचं. दुपारी प्रयोगशाळा भरल्या की तक्ता भरायचा. चालू असलेलं डाउनलोड चालू राहायचं, पण नवीन पान उघडायचं नाही. विद्यार्थ्यांना वाटायचं, सर्व्हर डाउन आहे. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी मुलं पानं पुन्हा पुन्हा ताजी करत बसली होती, आणि प्रत्येक वेळी त्या भरलेल्या तक्त्यावर आणखी मागण्या आदळत होत्या.

त्यात दुसरा धोका होता तो नोंदींचा. नॅटमागे बसलेल्या शेकडो जणांपैकी अमुक वेळेला अमुक ठिकाणी कोण गेलं, हे सांगायचं तर वेशीवरच्या यंत्रानं ते लिहून ठेवलेलं असावं लागतं. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. त्या घरगुती डब्यात कालचीही नोंद उरत नव्हती. उद्या तिथून कुणी गैरकृत्य केलं तर संशयाची सुई साऱ्या संस्थेवर येईल, आणि निरपराध मुलाला स्वतःला सोडवून घेण्याचा पुरावाही मिळणार नाही. मला ही गोष्ट वेगापेक्षा जास्त गंभीर वाटते.

वेशीचं काम चौकाच्या घडणीच्या यंत्रावर टाकलं तर काय होतं, हे जगानंही एकदा बघितलं आहे. सिस्कोचा कॅटलिस्ट ६५०० हा स्विच आणि ७६०० ही राउटरची मालिका, दोन्ही एकाच कुळातल्या. त्यांतल्या अनेक यंत्रांच्या टीकॅममध्ये आयपीव्ही४ मार्गांसाठी ठरवून दिलेली जागा होती ५१२ के, म्हणजे ५,२४,२८८ नोंदींची. इंटरनेटचा तक्ता त्या आकड्याकडे सरकतो आहे हे सगळ्यांना दिसत होतं. कंपनीनं काही महिने आधी सूचनाही काढली होती, की टीकॅमची वाटणी बदलून घ्या. १२ ऑगस्ट २०१४ ला तक्त्यानं थोड्या वेळासाठी ती मर्यादा ओलांडली. ज्यांनी वाटणी बदलली नव्हती त्यांच्या यंत्रांत उरलेल्या नोंदी चिपमध्ये मावेनात, ते काम मंद प्रोसेसरवर आलं आणि जगात ठिकठिकाणी सेवा अडखळल्या. यंत्रं बिघडलेली नव्हती. आपल्या यंत्राची मर्यादा कुठे आहे आणि आपण त्याला कुठे बसवलं आहे, हे ज्यांना माहीत होतं त्यांचं काही अडलं नाही.

माझ्या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. लेयर थ्री स्विच वेगवान असला तरी तो संभाषण लक्षात ठेवत नाही. कुठून कुठे जायला परवानगी, एवढे साधे नियम तो पाळतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरलं ते फाइल-शेअरिंगच्या वाटेनं, नेटवर्कच्या आतल्या आत एका विंडोज संगणकावरून दुसऱ्यावर. असं काही अडवायचं तर विभागांमधलं ट्रॅफिक संभाषण लक्षात ठेवणाऱ्या फायरवॉलमधून नेणं चांगलं, असं अनेक जण म्हणतात. बरोबर आहे, पण सगळं नेण्याची गरज नाही. कॅमेऱ्यांचं चित्रण आणि सीटीच्या प्रतिमा ठरलेल्या दोन टोकांमध्येच फिरतात. त्यांना स्विचवरून, कडक नियम लावून, जाऊ द्यावं. हिशेब विभाग, रुग्णांच्या नोंदी, पतसंस्थेचा मुख्य सर्व्हर यांच्याकडे जाणारं ट्रॅफिक फायरवॉलमधून जावं, थोडं सावकाश गेलं तरी चालेल. कुठलं ट्रॅफिक कुठून न्यायचं हे ठरवायचं तर पुन्हा तोच प्रश्न येतो: ते जातं कुठून कुठे?

दुसरा आक्षेप असा, की आता सगळं क्लाउडवर आहे, मग आतल्या वेगाला काय महत्त्व? तालुक्याच्या ठिकाणच्या वीस संगणकांच्या कार्यालयासाठी हे शंभर टक्के खरं आहे. तिथे हिशेब, मेल, फाइली सगळं बाहेर. तिथे चांगला राउटर किंवा फायरवॉल आणि साधे स्विच पुरतात, लेयर थ्रीवर रुपयाही घालू नये. मी अशा ठिकाणी तसंच लेखी देते. पण जिथे कॅमेरे आहेत, स्कॅनची यंत्रं आहेत, प्रयोगशाळा आहेत, कारखान्याची नियंत्रण यंत्रणा आहे, तिथे मोठा प्रवाह आतल्या आतच फिरतो.

म्हणून माझा रोख खरेदीच्या पद्धतीवर आहे. आपल्याकडे टेंडर लिहिताना बहुतेक वेळा एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे जसेच्या तसे उतरवले जातात. 'लेयर थ्री सपोर्ट: होय' असा एक रकाना असतो. 'होय' लिहिलेल्या स्विचमध्ये फक्त हातानं लिहिलेले मार्ग चालतात, की ओएसपीएफसारखी मार्ग स्वतः शिकण्याची सोयही आहे, हे कुणी विचारत नाही. अनेक कंपन्यांत ती सोय वरच्या लायसन्समध्ये असते आणि त्याचे पैसे वेगळे, काही ठिकाणी दर वर्षी. राउटरच्या बाबतीत एक गिगाबिटची पोर्ट दिसली की तो एक गिगाबिट हाकतो असं गृहीत धरलं जातं. नॅट, कूटबद्ध बोगदा आणि सुरक्षेचे नियम चालू केल्यावर त्याचा वेग किती उरतो, तो आकडा माहितीपत्रकात वेगळा दिलेला असतो आणि कामाचा तोच असतो. सर्वांत कमी दराचं टेंडर पास होतं, यंत्र येतं, रॅकमध्ये बसतं, दिवे लुकलुकतात आणि काम झालं असं मानलं जातं. देणगीदारांचा किंवा करदात्यांचा पैसा यात जातो. त्यामुळे याला क्षुल्लक तांत्रिक बाब म्हणायला मी तयार नाही.

यात आमच्या व्यवसायाचीही जबाबदारी आहे. ग्राहकाला समजेल अशा मराठीत नकाशा काढून देणं हे कामाचा भाग मानलं पाहिजे. कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत काय जातं, गेटवे कुठे आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, हे एका पानावर मावतं. मी अनेक संस्थांत गेले आहे जिथे असा कागद नाही, आणि जुना तंत्रज्ञ काम सोडून गेल्यावर पासवर्डही त्याच्यासोबत गेला आहे. मग नवा माणूस येतो, त्याला काहीच कळत नाही आणि तो सगळं बदलायला सांगतो.

शिक्षणाकडेही बघायला हवं. डिप्लोमाच्या आणि पदवीच्या मुलांना राउटर आणि स्विच यांतला फरक तक्ता आखून पाठ करायला लावतात: स्विच लेयर टूवर, राउटर लेयर थ्रीवर. मुलाखतीला येणारी मुलं हा तक्ता धडाधडा म्हणून दाखवतात. मग मी विचारते, "दोन व्हीलॅनमधल्या संगणकांना एकमेकांशी बोलायचंय, गेटवे कुठे ठेवशील आणि का?" तिथे बरीच मुलं थांबतात. मुलं हुशार असतात, त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. त्यासाठी महागडी प्रयोगशाळाही लागत नाही. जुन्या संगणकावर लिनक्स टाकून एक सेटिंग बदललं की तो राउटर होतो. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एक पॅकेट टप्प्याटप्प्यानं पुढे सरकवून बघता येतं. एकदा गेटवे राउटरवर ठेवून आणि एकदा स्विचवर ठेवून तेच पॅकेट मुलांनी स्वतः चालवून बघितलं, तर त्यांना तक्ता पाठ करावा लागणार नाही.

संस्थाचालकांकडे माझी मागणी चार गोष्टींची आहे. नेटवर्कच्या कुठल्याही खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून लेखी घ्या, की आपलं किती ट्रॅफिक इमारतीच्या आत राहतं आणि किती बाहेर जातं. हे अंदाजानं सांगू नका, आठवडाभर काउंटर बघून आकडे द्या असं बजावा. दुसरं, प्रत्येक गटाचा गेटवे कुठल्या यंत्रावर असेल आणि का, हे नकाशावर दाखवायला लावा. तिसरं, नॅट, नोंदी, दुसरी लाइन आणि शाखांची जोडणी ही वेशीवरची कामं कुठलं यंत्र करणार आणि ती सगळी एकदम चालू असताना त्याचा वेग किती राहणार, हा आकडा मागा. चौथं, लायसन्स आणि एएमसी धरून पाच वर्षांचा खर्च मागा. ज्याला या चार प्रश्नांची उत्तरं देता येत नाहीत, त्याचं कोटेशन कितीही कमी असो, स्वीकारू नका.

आणि जिथे नेटवर्क आधीच उभं आहे तिथे आजच करता येण्यासारखं एक काम आहे. एखाद्या विभागातल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ट्रेसर्ट लिहा आणि पुढे दुसऱ्या गटात असलेल्या आपल्याच सर्व्हरचा आयपी ॲड्रेस टाका. पहिल्याच ओळीत जो पत्ता दिसेल तो तुमच्या गेटवेचा. तो कुठल्या यंत्राचा आहे, हे तुमच्या तंत्रज्ञाला विचारा. तो इंटरनेटच्या तोंडाशी बसलेल्या छोट्या राउटरचा निघाला आणि रॅकमध्ये लेयर थ्री स्विच नुसताच बसून असेल, तर लाइन वाढवण्याचा ठराव थांबवा. तुम्हाला हवा असलेला वेग तुम्ही आधीच विकत घेतला आहे. तो चालू करून घ्या.